शाळेचा खर्च कोणाचा आणि विद्या कोणाला?

जून महिना लागला की आमच्या श्रीपूर भागात दोन गोष्टींची घाई सुरू होते. एक आडसाली उसाला रान तयार करण्याची व दुसरी पोराला ‘कॉन्व्हेंट’मध्ये घालण्याची. पहिल्या कामात आमचा शेतकरी माती पाहतो, बेणे पाहतो, पाण्याची पाळी पाहतो, शेजाऱ्याला चार वेळा विचारतो. दुसऱ्या कामात तो फक्त पाटी पाहतो. पाटीवर इंग्रजी नाव असले, पिवळी गाडी दारात येत असली आणि पोराच्या गळ्यात टाय लोंबत असला, की तो खिशात हात घालतो. खिसा रिकामा असला तर घरधनिणीच्या डोरल्यापर्यंत हात जातो. बेण्याच्या बाबतीत इतका चिकित्सक असणारा माणूस पोराच्या बाबतीत असा आंधळा कसा होतो, हे कोडे आम्हांस बरीच वर्षे पडले आहे.

मागल्या वर्षी सुतारकाम करणारे एक गृहस्थ मुलीला घेऊन आमच्या शाळेत आले. म्हणाले, “गुरुजी, हिला तुमच्याकडं घ्या. पण दाखला न्हाई. दोन हप्तं थकलं म्हणून तिथं अडवून धरलाय.” मुलगी तिसरी उतरलेली. इंग्रजी गाणे तिने खडाखडा म्हणून दाखविले. त्यातील एका शब्दाचाही अर्थ तिला सांगता येईना, आणि हातच्याची वजाबाकी घातली तेव्हा ती बापाच्या तोंडाकडे पाहू लागली. बाप खाली मान घालून म्हणाला, “पण ती कॉन्व्हेंटच हाय की, गुरुजी!” त्या माणसाला आम्ही त्या दिवशी धड उत्तर दिले नाही. ते आज देत आहोत.

कॉन्व्हेंट म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचा मठ. त्या मठाला जोडून जी मुलींची शाळा निघे, तिला लोक कॉन्व्हेंटची शाळा म्हणू लागले. पुढे मुंबई-पुण्याच्या पाद्र्यांच्या सगळ्याच शाळांना आपल्याकडे ते नाव चिकटले, आणि आता पत्र्याच्या शेडात चालणाऱ्या शाळेलाही ते लावतात. तेव्हा आमच्याकडील पाटीचा आणि मूळ वस्तूचा संबंध इतकाच, की नाव उसने आणले आहे. परंतु ज्यांचे नाव उसने आणले त्यांनी तरी काय केले? आमच्या मते ते पाहिल्याशिवाय पाटीची भूल उतरणार नाही. पाद्र्यांच्या अनेक संघांपैकी शाळांच्या कामात सर्वांत गाजलेला संघ जेझुइटांचा. मराठी ख्रिस्ती लोक त्याला येशूसंघ म्हणतात. त्याचीच हकिकत घेऊ.

या संघाचा मूळ पुरुष इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधील शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचे मन पालटले. पण विद्या नव्हती! तेव्हा तेहेतीस वर्षांचा हा दाढीवाला बार्सिलोना शहरात लहान पोरांच्या रांगेत बसून लॅटिन भाषेची मुळाक्षरे गिरवू लागला. आमच्या रात्रीच्या वर्गाला यायला लाजणाऱ्या मंडळींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. १५४० साली पोपने त्याच्या संघाला मान्यता दिली आणि १५४८ साली सिसिली बेटावरील मेसिना शहरात बाहेरच्या मुलांसाठी त्यांची मोठी शाळा निघाली. नियम असा होता, की शिकविण्याबद्दल विद्यार्थ्याकडून दमडी घ्यायची नाही. घर आणि पोटापुरता खर्च शहराने, राजाने किंवा एखाद्या श्रीमंताने कायमचा लावून द्यावा आणि पाद्र्यांनी फुकट शिकवावे.

हे लोक नुसते फुकट शिकवीत नसत, नेटाने शिकवीत. १५९९ साली त्यांनी शिकविण्याचे एक नियमपुस्तक पक्के केले. कोणत्या इयत्तेत काय, उजळणी केव्हा, परीक्षा कशी, मास्तरावर देखरेख कोणाची, सारे त्यात बांधून दिले. मास्तर मन मानेल तेव्हा सोडून जाणारा नव्हता; त्याने जन्म वाहिलेला होता. १७७३ साली राजेलोकांच्या दडपणाखाली पोपने हा संघच मोडला, तेव्हा सातशेंहून अधिक शाळा-कॉलेजे त्यांच्या हाती होती. पण गंमत पहा. प्रशियाचा राजा फ्रेडरिक प्रॉटेस्टंट, रशियाची राणी कॅथरिन तिसऱ्याच पंथाची. दोघांनीही पोपचा हुकूम आपल्या मुलखात लागू होऊ दिला नाही. कारण एवढेच, की हे मास्तर गेले तर शिकवायला दुसरे आणायचे कोठून?

इथवर ऐकून वाचक म्हणतील, वा, मोठे पुण्याचे काम! थांबा. फुकट शाळा म्हणजे खर्च नसलेली शाळा नव्हे. विद्यार्थी देत नसेल तर दुसरा कोणीतरी देतोच. तो कोण, हे शोधायला फार लांब जायला नको. आपल्या गोव्यातच उत्तर आहे. पोर्तुगीजांनी तिसवाडी बेटातील देवळे मोडली आणि १५४१ साली त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न गावकऱ्यांकडून नव्या धर्मकार्यासाठी लिहून घेतले. त्या उत्पन्नावर जी पाठशाळा उभी राहिली, ती थोड्याच वर्षांत जेझुइटांकडे आली. तेच प्रसिद्ध सेंट पॉल कॉलेज. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली तेथेच चालू झाला. देवळाच्या जमिनीचे उत्पन्न पूर्वी पुजारी खात होता हे खरे, आणि त्याबद्दल आम्ही रडणार नाही. पण नांगर धरणारा हात तेव्हाही कुणब्याचा होता आणि नंतरही कुणब्याचाच राहिला. त्याच्या पोराला त्या छापखान्याचा काय उपयोग झाला?

याहून काळी गोष्ट अमेरिकेतील. मेरीलँड प्रांतात या पाद्र्यांचे मळे होते आणि मळ्यांवर हबशी गुलाम राबत. त्यांचे जॉर्जटाउन येथील कॉलेज कर्जात बुडाले, तेव्हा १८३८ साली त्यांनी २७२ माणसे, बाया-पोरांसकट, लुइझियानातील मळेवाल्यांना विकली आणि आलेल्या पैशांतील काही भाग कॉलेजच्या कर्जात भरला. शाळेच्या कर्जासाठी माणसे विकली! संघाने याबद्दल २०१७ साली, म्हणजे पावणेदोनशे वर्षांनी, जाहीर माफी मागितली. मागितली हे बरे झाले. आपल्याकडे ज्यांनी शेकडो वर्षे अक्षराला शिवू दिले नाही, त्यांच्यापैकी किती जणांनी अजून मागितली आहे, हा प्रश्न आम्ही येथे नुसता नोंदवून ठेवतो.

१८१४ साली संघ पुन्हा उभा राहिला, पण जुनी दानाची इस्टेट गेलेली. फुकट शिकविण्याचा नियम चालेना. अखेर १८३३ साली पोपकडून फी घेण्याची परवानगी मिळाली. आमच्या मते या संघाच्या इतिहासात ही तारीख सर्वांत महत्त्वाची आहे. फी आली आणि तिच्या मागोमाग शाळेत बसणारे पोर बदलले.

आपल्या प्रांतातच याचे दोन चेहरे पाहा. जर्मन जेझुइटांनी पुण्यास १८६७ साली सेंट व्हिन्सेंट आणि मुंबईस १८६९ साली सेंट झेवियर कॉलेज काढले. इमारती भक्कम, मास्तर विद्वान, भाषा इंग्रजी. तेथे शहरातील ख्रिस्ती मुले होतीच. त्यांच्या शेजारी पारशी, सावकार, वकील आणि सरकारी अंमलदार यांची मुले बसली. त्याच संघाचे पाद्री पुढील काही वर्षांत नगर जिल्ह्यात राहुरी-संगमनेरकडच्या खेड्यांत महारा-मांगांच्या वस्तीवर गेले. तेथे त्यांनी साध्या मराठी शाळा घातल्या. धर्म वाढविण्याचा हेतू त्यात होता. तो त्यांनीही लपविला नाही. परंतु ज्या पोरांना गावच्या शाळेच्या ओसरीवर उभे करीत नसत, त्यांच्या हाती पाटी दिली हेही तितकेच खरे. संघ एकच, देव एकच. फी देणाऱ्याला मुंबईत इंग्रजी आणि न देणाऱ्याला नगरात मराठी. आम्ही मराठीला कमी लेखीत नाही. याच संघातील टॉमस स्टीफन्स या जातिवंत इंग्रजाने १६१६ साली मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापले. साहेब मराठी शिकून पुराण रचतो आणि आमचा कुणबी पोराला मराठीत पाढे म्हणताना ऐकून शरमतो!

खर्च एकाचा आणि विद्या दुसऱ्याला, हे दुखणे महात्मा जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे उघडे केले होते. रयतेच्या घामाचा सारा सरकार घेते आणि वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळते, खेड्यातील प्राथमिक शाळा मात्र उपाशी, असा त्यांच्या निवेदनाचा रोख होता. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. ते मिशन प्रॉटेस्टंट होते, जेझुइटांचे नव्हे. मिशनऱ्यांचे उपकार ते मानीत, पण म्हणून सरकारवरचा हक्क त्यांनी सोडला नाही. शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, ते याच हक्काला मान देऊन.

आता या हकिकतीची तिसरी बाजू सांगतो. ती आम्हांस सर्वांत आवडते, म्हणून थोडी सविस्तर सांगण्याची परवानगी असावी. १९५५ साली दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला देशाच्या काराकास या राजधानीत, डोंगरउतारावरील झोपडपट्टीत, होसे मारिया वेलास नावाचा जेझुइट पाद्री शाळेसाठी जागा शोधीत होता. तेथे आब्राहाम रेयेस नावाचा एक गवंडी राहत असे. बायकोच्या मदतीने एकेक वीट चढवून त्याने बरीच वर्षे खपून घर बांधलेले. त्याने ते घर शाळेला देऊन टाकले. बाके नाहीत, फळा नाही. शंभरएक पोरे जमिनीवर बसली. त्या घरातून ‘फे इ अलेग्रिया’, म्हणजे श्रद्धा आणि आनंद, या नावाची चळवळ निघाली आणि ती वीसाहून अधिक देशांत पसरली. तिची रीत अशी की वस्तीने जागा व श्रम द्यावेत, संघाने शिस्त व देखरेख ठेवावी आणि मास्तरांचे पगार अनेक देशांत सरकारने द्यावेत. १८३३ साली ज्या संघाने फीची वाट धरली, त्याच्याच एका माणसाला सव्वाशे वर्षांनी एका गवंड्याच्या घरात जुनी वाट पुन्हा सापडली.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली ती मूठमूठ धान्यावर, आणि वसतिगृहातील पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र मोडले. आमच्या शेजारी माळीनगरला सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ साली भांडवल गोळा करून साखर कारखाना काढला. कारखान्यासाठी एकत्र येता येते, तर शाळेसाठी का येऊ नये?

पण आज उलटे चालले आहे. चाळीस घरे मिळून एक शाळा धरण्याऐवजी चाळीस घरे चाळीस पावत्या फाडतात. समजा फी आणि गाडीभाडे मिळून पोरामागे वीस हजार रुपये वर्षाला जातात. चाळीस पोरांचे आठ लाख झाले! एवढा पैसा गाव ओततो आणि तेथे शिकविणाऱ्या बाईला महिना काय मिळते, ती काय शिकली आहे, हे विचारीत नाही. इकडे जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घसरतो, पट घसरला की संचमान्यतेत मास्तर कमी होतो, मास्तर कमी झाला की उरलेले पालक म्हणतात, पाहा, तिथे मास्तरच नाही. २०२३ साली तर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा बेत सरकारने पुढे आणला. एकदा शाळा गेली की ऊसतोडीला आलेल्या कोप्यांवरच्या पोरांना आणि मजुरांच्या मुलींना गावात दुसरे दार नाही. गाडीवाला त्यांच्यासाठी थांबत नसतो.

आणखी एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वी शाळेच्या दारात भटजी आडवा होता, तेव्हा आम्ही आरडाओरडा केला आणि तो योग्यच केला. आता फीच्या टेबलामागे बहुतेक ठिकाणी आपलाच सोयरा बसलेला असतो. जयंतीला फुले-शाहूंच्या तसबिरीला हार घालतो आणि दुसऱ्या दिवशी सुताराच्या पोरीचा दाखला अडवितो. त्याच्याविरुद्ध बोलताना आमच्या चळवळीची जीभ का जड होते?

सरकारी शाळांतील मास्तरांचे दोष आम्ही झाकीत नाही. आम्ही त्यांच्यातलेच आहोत, म्हणून आम्हांस ते जास्त ठाऊक आहेत. उशिरा येणे, वर्ग सोडून कागद भरीत बसणे, हे आहे. आणि ते कागद वरून लादलेले आहेत हेही आहे. तेव्हा गावाने शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला यावे, कोणत्या पोराला वाचता येते आणि कोणाला नाही ते आमच्यासमोर वाचून घ्यावे, आणि आम्हांस जाब विचारावा. ज्यांची पोरे आधीच ‘कॉन्व्हेंट’मध्ये आहेत त्यांनी तेथेही तोच जाब विचारावा: शिकविणाऱ्याचे शिक्षण काय, पगार काय, फीची छापील पावती का नाही.

आणि दाखला अडविल्याने ज्यांचे पोर घरी बसले आहे, त्यांच्यासाठी एक माहिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ असे आहे, की दाखला मिळायला उशीर झाला या सबबीवर सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबविता अथवा नाकारता येत नाही. त्या सुताराच्या मुलीचे नाव आम्ही त्याच दिवशी पटावर घेतले. तुमच्या गावचा मास्तर घेत नसेल, तर त्याला हे कलम दाखवा.

— एक शाळामास्तर, श्रीपूर