भूक मारून मिळवलेली ढाल

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला दरवर्षी ४ जुलैला हॉट डॉग खाण्याची स्पर्धा होते. हॉट डॉग म्हणजे लांबट पावात घातलेलं मांसाचं सॉसेज. २००१ साली तिथे ताकेरू कोबायाशी नावाचा सडपातळ जपानी तरुण उतरला. आधीचा विक्रम २५च्या आसपास होता. त्याने १२ मिनिटांत ५० संपवले! आयोजकांकडचे छापील आकडे संपले, हाताने लिहावे लागले. २००६पर्यंत सलग सहा वेळा तोच जिंकला.

हा माणूस खादाड नव्हता, अभ्यासू होता. बाकीचे विचार करत, जास्त कसं खाऊ? त्याने विचार केला, एक हॉट डॉग सोपा कसा करू? सॉसेजचे दोन तुकडे केले, पाव वेगळा काढून पाण्यात बुडवला. अन्न खाली सरकावं म्हणून खाताना अंग हलवायचा. जुना विक्रम म्हणजे आपली मर्यादा, हे त्याने मानलंच नाही. ही जिद्द आपल्या अभ्यासिकेतल्या मुलांनी जरूर घ्यावी. पण ती कशावर खर्च झाली, तेही पाहावं.

पोट ताणलं की मेंदूला निरोप जातो, ‘बस झालं.’ या स्पर्धेत तोच निरोप दाबायचा सराव करतात. २००७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अशा एका स्पर्धकाचं पोट खाताना क्ष-किरणांखाली पाहिलं. सोबतचा साधा माणूस ७ हॉट डॉगवर थांबला. स्पर्धकाने १० मिनिटांत ३६ खाल्ले, तरी पोट भरल्याचं त्याला जाणवेना. पोट सैल पिशवीसारखं फुगलं होतं. पुढे असं पोट आकुंचन पावणंच बंद होऊ शकतं, सतत उलट्या होऊ शकतात, असा इशारा डॉक्टरांनी दिला.

कोबायाशीचा जबडा २००७ साली दुखावला. त्या वर्षी तो हरला. २०२४च्या एका माहितीपटात त्याने सांगितलं, आता भूकही लागत नाही आणि पोट भरल्याचंही कळत नाही. ढाल मिळाली, भूक गेली.

आम्ही परिचारिका रुग्णाची नाडी पाहतो, ताप पाहतो आणि विचारतो, ‘भूक लागते का?’ भूक ही शरीराची बातमी आहे. ती बंद पडणं चांगलं लक्षण नाही.

आज आपली मुलं मोबाइलवर परातभर खाणारे लोक पाहतात आणि पैज लावतात. वडापाव, जिलेबी, अंडी खाण्याच्या शर्यती लागतात, लोक टाळ्या वाजवतात. २०२४ साली केरळात ओणमच्या वेळी इडली खाण्याच्या स्पर्धेत घास अडकून एक माणूस दगावला. इडलीसारखा मऊ घास! भराभर खूप पाणी पिण्याची पैजही जिवावर बेतू शकते. रक्तातलं मिठाचं प्रमाण घसरतं.

मोठ्या माणसाच्या घशात घास अडकला आणि बोलता किंवा खोकता येईना, तर पाणी पाजू नका. पुढे वाकवून पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, तळहाताच्या मुळाने पाच जोरदार थापा द्या. घास निघाला नाही तर मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आत आणि वर पाच झटके द्या. घास निघेपर्यंत आळीपाळीने हेच करत राहा. दुसऱ्याला १०८ला फोन करायला सांगा.

मंडळांना आमचं सांगणं आहे, खाण्याची शर्यत ठेवू नका. धावण्याची ठेवा, दोरीउड्यांची ठेवा. घरात ‘पोट भरलं’ म्हणणाऱ्या मुलाला आणखी दोन घास कोंबू नका. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईलाही भूक लागते. रोज ती दाबायला लावणं हासुद्धा शरीराचा निरोप मोडणंच आहे. तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढा.