नक्कल मिळाली, नोंदीचे काय?

सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी शेतकऱ्याने तलाठी कार्यालयाचे उंबरठे झिजवावेत, हा महाराष्ट्राचा जुना अनुभव. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. त्यापूर्वीच २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवांना मुदत घातली आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांचा दंड ठरविला. या सुधारणांचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु नक्कल मिळणे निराळे आणि नोंद होणे निराळे. वारसाची नोंद आजही मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करावी लागते. संगणक तेथे केवळ टपालवाला ठरतो. शिवाय एका खात्याने दिलेला दाखला दुसरे खाते नागरिकाकडेच मागते, हे तर नित्याचेच! हे टाळता येते. चिमुकल्या एस्टोनियाने २००१ मध्ये ‘एक्स-रोड’ यंत्रणेने शासकीय खात्यांच्या नोंदी परस्परांशी जोडल्या आणि माहिती नागरिकाकडून एकदाच घ्यावी, हे तत्त्व रुजविले.

किती सेवा संगणकावर आल्या, हे यशाचे माप नव्हे. किती कागद मागणे थांबले, किती सह्या गळाल्या, हेच खरे माप. अन्यथा लालफीत तीच राहील, फक्त पडद्यावर दिसेल. शासनाच्या दप्तरात असलेला कागद शासनानेच शोधावा; नागरिकाला त्याचा हरकाम्या करू नये.