माठाला सेकंड माल नसतो

कुंभारी गाव सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर आहे. २००६ साली येथे गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांना १०,००० घरे मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरातील १५,००० घरांच्या किल्ल्या कामगारांच्या हाती पडल्या. ती योजना एकूण ३०,००० घरांची आहे. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर एवढ्या घरांना उन्हाळ्यात माठ लागणार, संक्रांतीला सुगडी लागणार, दिवाळीला पणत्या लागणार. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि फ्रीज काही प्रत्येक घरात नाही. मातीच्या भांड्यांचा घाऊक धंदा करू पाहणाऱ्या आमच्या तरुणांना बाजार शोधत लांब जाण्याची गरज उरलेली नाही.

आम्ही कापडातले. टॉवेल-चादरीच्या धंद्यात आमची उमर गेली. मग माठावर कशाला बोलता, असे कोणी विचारील. कारण एवढेच की, या धंद्यात नव्याने उतरणारी पुष्कळ मुले कापडाच्या पेढीवर शिकून आलेली आहेत आणि कापडाच्या सवयी माठात घालत आहेत. त्यातली एक सवय घातक आहे. ती म्हणजे उधारीवर धंदा वाढविण्याची.

परवा असाच एक तरुण आमच्याकडे आला होता. म्हणाला, "चाचा, एका टेम्पोचे दोन टेम्पो झाले, पण घरात पैसा दिसत नाही." आम्ही त्याला वही आणायला सांगितली. वहीत खरेदी होती, भाडे होते, विक्री होती. फुटलेल्या मालाचा रकाना मात्र नव्हता.

व्यापारी बंधूंनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. आकडे समजण्यापुरते धरू. ५०० माठ, दर ८० रुपये, म्हणजे ४०,००० रुपये. टेम्पो भाडे ५,०००, हमाली आणि गवत-पाचट १,५००. एकूण ४६,५००. माठ पडला ९३ रुपयांना. घाऊक भाव ११०, म्हणजे माठामागे १७ रुपये सुटतात आणि खेपेला ८,५०० रुपये नफा होतो, असे वाटते. आता वाटेत आणि उतरवताना ५० माठ फुटले असे धरा. उरले ४५०, त्यांचे आले ४९,५००. नफा राहिला ३,००० रुपये. आणि एखाद्या दुकानदाराने ३० माठांचे ३,३०० रुपये बुडविले, तर सारी खेप तोट्यात गेली. अशा खेपा दोनाच्या चार केल्या की लोक म्हणतात धंदा वाढला. आमच्या मते तो फक्त तोटा वाढला.

कापडात असे होत नाही. डाग पडलेला टॉवेल सेकंडमध्ये जातो, उरलेला माल पुढच्या वर्षी चार पैसे कमी घेऊन निघतो. माठाला सेकंड माल नसतो. चीर गेली की खापर. म्हणून कापडवाला ६० किंवा ९० दिवसांची उधारी सोसू शकतो, कारण त्याच्या मार्जिनमागे माल उभा असतो. माठवाल्यामागे काय उभे आहे?

फूट कोणाची, हे आधी ठरवावे. गाडी भरताना प्रत्येक माठ बोटाने वाजवून घ्यावा. बद्द आवाज आला तर बाजूला ठेवावा, तो कुंभाराचा. वाटेत फुटला तो आपला. दुकानासमोर उतरवून, मोजून, चिठ्ठीवर सही झाली की पुढे फुटेल तो दुकानदाराचा. सही न घेता निघालेला माणूस आठ दिवसांनी पैसे मागायला जातो, तेव्हा दुकानदार कोपऱ्यातली खापरे दाखवितो. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या, हा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आमच्यातले किती व्यापारी तो लहानपणापासून ऐकत आले आहेत आणि तरीही "आपलाच माणूस आहे" म्हणून चिठ्ठी फाडत नाहीत!

दुसरी गोष्ट हंगामाची. पावसाळ्यात कच्चे भांडे वाळत नाही, भट्टी लावणे कठीण होते. त्यामुळे मार्चमध्ये विकायचा माठ थंडीतच घडावा लागतो, आणि माती, जळण, घरखर्च यांसाठी कुंभाराला पैसा तेव्हाच लागतो. घाऊक व्यापाऱ्याची रक्कम त्या वेळी दुकानदारांकडे अडकलेली असेल तर कुंभार सावकाराकडे जातो, किंवा दुसऱ्या व्यापाऱ्याची उचल घेतो आणि चांगला माल तिकडे जातो. दिवाळीच्या पणत्यांचे तर विचारूच नका. उरलेली पणती म्हणजे अकरा महिने झोपलेला पैसा.

कुंभाराचे पैसे थकविणे आता कायद्यानेही महाग पडते. २००६ च्या सूक्ष्म, लघु उद्योग कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या कारागिराला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. त्याखेरीज आयकराचे कलम ४३ब(एच) आले. मुदत ओलांडून थकलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. २०२४ च्या मार्चअखेरीस या कलमाने कापड बाजारात केवढी खळबळ उडाली होती! पुष्कळांनी ते व्यापाऱ्यावरचे संकट मानले. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याचे हात मातीत आहेत त्याचे पैसे दोन महिने वापरून कोणी मोठा होत असेल, तर त्याला आळा बसलेला बरा. फक्त आपण व्यापाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, दुकानदाराकडून वसुली करताना या मुदतीचा आधार आपल्याला मिळत नाही. तो माल घडविणाऱ्याला आहे. म्हणजे एका बाजूला ४५ दिवस बांधलेले आणि दुसऱ्या बाजूला मोकळे. हे अंतर पेलेल एवढीच उधारी द्यावी, निम्मे तरी पैसे गाडीवरच घ्यावेत.

ज्यांच्याकडून आपण माल घेतो त्या कुंभारांना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती द्यावी. तिच्यात कुंभारकाम आहे. ५ टक्के व्याजाने पहिले १ लाखाचे कर्ज मिळते; ज्याला व्याजाचे कर्ज नको असेल त्याने प्रशिक्षणाचा रोजचा ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठीचे १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य तरी घ्यावे. मातीचे माठ आणि पणत्या यांवर जीएसटी नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

त्या तरुणाला आम्ही सांगितले की, तिसरा टेम्पो आणि भाड्याचे गोदाम यांचा विचार पुढच्या वर्षावर टाक. या हंगामात दोनच टेम्पो चालव, फुटीचा रकाना आख, आणि जे दुकानदार मेअखेर हिशेब पुरा करतील त्यांनाच दिवाळीचा माल दे. त्याला ते फारसे पटलेले दिसले नाही. गोदामाचा बयाणा, म्हणे, देऊन झाला होता.