शेतमालाची गाडी घेताना

आंबिया बहाराची संत्री उतरू लागली, म्हणजे काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि पलीकडील वरुड-मोर्शी या भागांतून नागपूरच्या कळमना बाजाराकडे पिकअप गाड्यांची रीघ लागते. त्याच सुमारास गावोगावच्या पारावर एक वादही रंगू लागतो. महिंद्राची बोलेरो पिकअप चांगली की टाटांची योद्धा? अशोक लेलँडची दोस्त परवडते की टाटांचीच इंट्रा? ज्याच्या दारी जी गाडी उभी, तो तिचा वकील होतो. बहार विकून हाती चार पैसे आलेला तरुण बागाईतदार हा वाद ऐकतो आणि महिन्याभरात एखाद्या कंपनीच्या दुकानी जाऊन कागदांवर सह्या करून येतो. कंपनीचे नाव हा या व्यवहारातील शेवटचा प्रश्न होय; तो पहिला मानला गेल्यामुळेच पुष्कळ ठिकाणी गाडी दारात व शेतकरी हप्त्यात अशी स्थिती झालेली दिसते.

हा नावाचा अभिमान केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९४८ साली आपल्या ‘एफ’ मालिकेच्या गाड्या काढल्या, तेव्हापासून तेथील शेतकऱ्यांत फोर्डवाले आणि शेव्हरोलेवाले अशी घराणीच पडली असून बापाची कंपनी मुलगा सहसा बदलत नाही. मात्र त्या धिप्पाड गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांची भारक्षमता एक टनाच्या आसपासच असते. आपल्याकडील साधी पिकअप तिच्याहून अधिक माल वाहते, ही गोष्ट चित्रपटांतील मोठ्या गाड्या पाहून हरखणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्याकडील कंपन्यांचा इतिहासही थोडा पाहावा. महिंद्रांनी १९४७ पासून विलिस जीप भारतात आणली आणि १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाल्यावर विकासगटांच्या कचेऱ्यांपुढे जी जीप उभी राहू लागली, ती याच घराण्यातील. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून मालमोटारी बांधावयास घेतल्या. पुण्याच्या बजाज टेम्पोने १९५८ नंतर तीनचाकी गाड्या काढल्या आणि त्या इतक्या रुळल्या की आज कोणत्याही कंपनीच्या लहान मालगाडीस मराठी माणूस ‘टेम्पो’च म्हणतो. पुढे २००५ साली टाटांनी एस ही गाडी बाजारात आणली; लोकांनी तिचे नाव ‘छोटा हत्ती’ ठेवले. त्यानंतर २०११ मध्ये दोस्त, २०१७ मध्ये योद्धा, २०१९ मध्ये इंट्रा आणि २०२० मध्ये बडा दोस्त आली. आज निवडीस वाव भरपूर आहे, आणि अडचणही तीच आहे.

पहिला प्रश्न खेपांचा. काटोलकडील दोन हेक्टर संत्राबागेचा हिशेब मांडून पाहू. हेक्टरी दहा टन फळ धरले तर वर्षाला वीस टन माल होतो. दीड टन वाहणाऱ्या गाडीच्या चौदा खेपांत तो बाजारात पोहोचतो. आता गाडीची किंमत दहा लाख रुपये धरू. दोन लाख रोख व आठ लाखांचे कर्ज, पाच वर्षांची मुदत, दहा टक्के व्याज. मासिक हप्ता सुमारे १७,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,०४,००० रुपये पडतो. विमा, योग्यता प्रमाणपत्र, टायर व दुरुस्ती यांसाठी ८०,००० रुपये धरले, तर डिझेल वगळून वर्षाचा खर्च २,८४,००० रुपयांवर जातो. चौदा खेपांवर तो वाटला तर प्रत्येक खेपेस वीस हजारांहून अधिक रुपये पडतात. हीच खेप भाड्याच्या गाडीने तीन हजारांत होत असेल, तर सारा माल ४२,००० रुपयांत कळमन्यास जाईल.

यावर असे उत्तर मिळते की उरलेल्या दिवसांत गाडी भाड्याने चालवू. ठीक आहे. तीन हजारांच्या भाड्यातून सुमारे एक हजार रुपये डिझेलला गेले, तर हाती दोन हजार राहतात. या मानाने वर्षाचा खर्च भरून निघण्यास १४२ खेपा हव्यात. त्यांतील चौदा घरच्या. बाकी १२८ खेपा गावातून मिळवाव्या लागतील, आणि त्याही गावात आधीच पाच-सहा गाड्या उभ्या असताना. शिवाय या हिशेबात गाडी हाकणाऱ्या घरच्या मुलाची मजुरी धरलेलीच नाही. तो बागेत राहिला असता तर छाटणी, आळ्यांची निगा, फवारणी ही कामे झाली असती. हे आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाडे व आपल्या बागेचे उत्पन्न घालून ते पुन्हा मांडावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका सभेत फळ्यावर एवढेच गणित करून दाखविले, तरी गाडीच्या जाहिरातीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

भाजीपाल्याच्या मळ्याची गोष्ट निराळी आहे. वांगी, टोमॅटो, पालेभाज्या यांचा माल आठवड्यातून तीन-चार दिवस बाजारात न्यावाच लागतो. तेथे वर्षाच्या दीडशे खेपा सहज भरतात आणि घरची गाडी खरोखरच परवडते. मात्र एका खेपेचा माल पाच-सातशे किलोंहून अधिक नसतो. अशा शेतकऱ्याने दीड-दोन टनांची गाडी घेऊन ती निम्मी रिकामी पळविण्यापेक्षा एसच्या वर्गातील अथवा मारुतीची सुपर कॅरी यांसारखी लहान गाडी पाहावी. कापसाचा प्रकार आणखी वेगळा. मोकळ्या कापसाने हौदा भरतो, पण काटा भरत नाही. तेथे टनांपेक्षा हौद्याची लांबी व बाजूच्या फाळक्यांची उंची महत्त्वाची. मौदा-रामटेककडील धानाची पोती याच्या अगदी उलट: हौदा अर्धा रिकामा दिसत असतानाच भारक्षमता संपलेली असते, आणि डोळ्यांना जागा दिसते म्हणून आणखी दहा पोती चढविली जातात.

या चढविण्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. पाटे वाढवून घेतले की गाडी कितीही ओढते, अशी समजूत सर्वत्र आहे. पाटे वाढले तरी ब्रेक, आस आणि टायर मूळचेच राहतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये असा दंड ठेवला असून जादा माल उतरविण्याचा खर्चही मालकावरच आहे. संत्र्याच्या एका खेपेतील नफा यापुढे काहीच नाही. म्हणून सदैव दीड टन माल न्यावयाचा असेल, तर सव्वा टनाची गाडी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

नोंदणी पुस्तकातील भारित वजनाचा आकडाही आधी पाहून घ्यावा. ज्या मालगाडीचे भारित वजन ३,००० किलोंच्या आत आहे, तिला कायद्याने परवान्याची अट नाही. सव्वा टनाच्या वर्गातील गाड्या बहुधा या मर्यादेत बसतात; पावणेदोन-दोन टनांच्या गाड्या बहुतेक तिच्या बाहेर जातात. चालकाच्या परवान्याबाबत मात्र एक जुनी धास्ती आता राहिलेली नाही. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे.

इतके सर्व झाल्यावर कंपनीचा विचार करावा. येथे यंत्राच्या अश्वशक्तीची चर्चा फार होते. दुरुस्तीची होत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानकाच्या गाड्याच विकल्या जातात. त्यांच्या डिझेल यंत्राच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते आणि ती स्वच्छ होण्यास गाडी अधूनमधून लांब व एका वेगाने चालावी लागते. जी गाडी दररोज शेत ते गाव एवढेच दोन-तीन किलोमीटर रखडत फिरते, तिची गाळणी तुंबू लागते व फळीवरचा दिवा पेटतो. पूर्वी गावचा मिस्त्री हातोडी-पान्याने जे जमवीत असे, ते आता संगणकाचे यंत्र जोडल्यावाचून कळत नाही. भेसळीच्या डिझेलाची किंमतही या गाड्यांत फार जड पडते. म्हणून ज्या कंपनीची अधिकृत कार्यशाळा तालुक्याच्या गावी आहे आणि जिचे सुटे भाग दोन दिवसांत मिळतात, ती गाडी कागदोपत्री थोडी उणी असली तरी बागाईतदारास अधिक उपयोगाची. झाडावरील पिकलेले फळ गाडी नागपूरहून दुरुस्त होऊन येईपर्यंत थांबत नाही. बोलेरो पिकअप या भागात इतकी दिसते, त्याचे मोठे कारण हेच आहे की तिची दुरुस्ती जाणणारा माणूस बहुतेक ठिकाणी भेटतो. खडबडीत पांदणीतून दीड टन माल काढावयाचा असेल तर बोलेरो किंवा योद्धा यांच्या जातीची भक्कम सांगाड्याची गाडी घ्यावी. शेत डांबरी सडकेला लागून असेल आणि माल टन-सव्वा टनच असेल, तर दोस्त अथवा इंट्रा यांवर अधिक पैसे वाचतील. विजेवर चालणारा एस २०२२ साली आला आहे. पण तो सध्या शहरातील फेऱ्यांस शोभतो, वरुडहून संत्री आणण्यास नव्हे.

कर्जाच्या कागदावर विक्रेत्याच्या आकर्षक दरापेक्षा एक शब्द शोधावा: ‘फ्लॅट’. वर धरलेल्या आठ लाखांवर दहा टक्के व्याज उतरत्या शिलकीवर असेल तर पाच वर्षांत सुमारे २,२०,००० रुपये व्याज जाते. तेच दहा टक्के ‘फ्लॅट’ असतील तर चार लाख जातात व हप्ता २०,००० रुपयांचा होतो. दोन्ही कागदांवर आकडा दहाच लिहिलेला असतो! त्यातून हप्ता दरमहा येतो आणि संत्र्याचा पैसा बहाराला. आंबिया बहार घेतला तर तो ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग घेतला तर फेब्रुवारी ते एप्रिल. मधल्या महिन्यांचा हप्ता कोठून यावयाचा, हे सहीपूर्वी ठरलेले असावे. झाडावर दिसणाऱ्या बहाराच्या भरवशावर ऑगस्टात गाडी ठरविणे तर सर्वस्वी टाळावे. त्याच महिन्यात फळगळ होते, हे काटोल-नरखेडच्या शेतकऱ्यांस सांगावयास नको.

चार-पाच बागाईतदारांनी मिळून एक गाडी घेणे हा मार्ग हिशेबाने उत्तम आहे, पण गाडी एकाच्या नावावर ठेवून तोंडी भागी केली तर पहिल्याच हंगामात कोणाचे फळ आधी, यावरून बिनसते. शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर गाडी तिच्या नावे घ्यावी, खेपांची वही ठेवावी आणि सभासदांकडूनही ठरलेले भाडे घ्यावे.

आणखी एक गोष्ट गाडी घेणाऱ्या प्रत्येकाच्या कानी घातली पाहिजे. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी पंधरा-वीस बाया-माणसे हौद्यात उभी करून शेतावर नेली जातात. मालगाडीतून असे प्रवासी नेणे कायद्यात बसत नाही. आणि मालगाडीतील फुकट प्रवाशांच्या अपघाताची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच आशा राणी खटल्यात सांगितले आहे. आपल्या मालासोबत जाणाऱ्या मालकास विम्याचे संरक्षण मिळते. हौद्यात उभ्या असलेल्या मजूर स्त्रियांना ते मिळेल, असे कोणी समजू नये. गाडी उलटली तर त्या घरांचे जे व्हावयाचे ते होतेच, आणि भरपाईपायी मालकाची बागही जाऊ शकते. मजुरांसाठी प्रवासी वाहनच ठरवावे. त्याचे भाडे वेचणीच्या खर्चात धरावे.

दुकानी जाताना सोबत मोजपट्टी आणि संत्र्याचा एक रिकामा क्रेट न्यावा. हौद्याच्या तळाशी तो आडवा-उभा ठेवून एका थरात किती बसतात, ते मोजावे. भरलेला क्रेट बावीस किलोंचा धरला तर दीड टनात ६८ क्रेट होतात. ते किती थरांत बसतील हे तेथेच कळते, आणि थर जितके कमी तितके खालचे फळ कमी दबते. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे हा मुद्दा लहान नाही. विक्रेता नमुन्याची गाडी रिकामी, आणि तीही डांबरी सडकेवर चालवून दाखवितो. तिच्यात हजार किलोंची पोती भरून ती आपल्या पांदणीत, शक्य तर पावसाने काळी माती ओली असताना, आणून दाखविण्याची मागणी करावी. ती मान्य होत नसेल, तर गावातील त्याच गाडीच्या मालकाकडून एक खेप भाड्याने घ्यावी आणि स्वतः चालकाशेजारी बसून कळमन्यापर्यंत जावे.