गोकाकमध्ये दहाचे पंचवीस झाले. पुढच्या नर्स-डॉक्टरांना ते कोण शिकवणार?

बेळगाव : नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीत झालेल्या सिझेरियननंतर पाच बाळंतिणी दगावल्या. संशय सलाईनवर गेला, राज्याच्या औषध नियंत्रकांना निलंबित करण्यात आलं आणि पुढच्याच महिन्यात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरलेल्या अधिवेशनातही हा विषय गाजला. दोषी कोण यावर भरपूर बोलून झालं. पण सलाईन लावल्यावर काहीतरी बिनसतंय, हे सगळ्यात आधी दिसतं ते वॉर्डातल्या नर्सला किंवा इंटर्नला. अशा वेळी कुणाला सांगायचं, कुठे लिहायचं, हे त्यांना शिकवलं जातं का, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. २०१० च्या जुलै ते डिसेंबर या काळात आपल्याच जिल्ह्यातल्या गोकाकमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित बाळंतपणाच्या यादीची चाचणी झाली. बेळगावच्या जेएनएमसीचे संशोधक त्यात होते. यादी साधी. बाई दाखल होताना, बाळंत होण्याच्या जरा आधी, बाळ झाल्यावर तासाभरात आणि घरी सोडताना, असं चार वेळा थांबायचं आणि बघायचं : हात धुतले का, रक्तदाब घेतला का, हातमोजे तयार आहेत का, बाळाला अंगावर पाजलं का. अशा २९ गोष्टींपैकी यादी येण्याआधी सरासरी १० होत होत्या. नंतर २५ व्हायला लागल्या. महागडं यंत्र त्यात एकही नव्हतं.

मग हाच प्रयोग उत्तर प्रदेशात १२० केंद्रांवर, दीड लाखाहून जास्त बाळंतपणांवर झाला. निम्म्या केंद्रांत यादी दिली, ती वापरायला शिकवणारी माणसंही पाठवली. तिथे दोन महिन्यांनी सुमारे ७३ टक्के गोष्टी नीट होत होत्या. बाकीच्या केंद्रांत ४२ टक्के. शिकवणारी माणसं गेल्यावर चारेक महिन्यांत ७३ चे ६२ झाले. आणि मुख्य म्हणजे आई-बाळांच्या मृत्यूंमध्ये दोन्हीकडे लक्षणीय फरक पडला नाही. २०१७ मध्ये हा निकाल छापून आला, तेव्हा यादीवर भिस्त ठेवणाऱ्यांचा हिरमोड झाला असणार. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. कागद भिंतीवर चिकटवून भागत नाही. सवय लागावी लागते, आणि सवय लागायचं वय विद्यार्थीदशेतलं.

अभ्यासक्रम नाहीत अशातला भाग नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्येच डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट अशा सगळ्यांसाठी मिळून रुग्णसुरक्षेचा अभ्यासक्रम दिला. त्यातल्या अकरा विषयांत चुकांपासून शिकणं आणि गुणवत्ता सुधारणं हे दोन आहेतच. एमबीबीएसच्या २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात वागणूक, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ भाग आला. पण वर्गात ऐकलेलं वॉर्डात टिकत नाही. हात न धुता पुढच्या खाटेकडे जाणारे सर दिसले की विद्यार्थी तेच उचलतो.

गुणवत्ता सुधारणा हा शब्द जड वाटतो, काम मात्र हिशेबाचं आहे. आठवडाभर मोजायचं, दाखल झालेल्या किती बायकांचा रक्तदाब पहिल्याच वेळी नोंदवला गेला. मग एकच बदल करायचा, समजा मशीन कपाटातून काढून दाखल करण्याच्या टेबलावर ठेवायचं. पुन्हा मोजायचं. फरक नसेल तर दुसरं काही करून बघायचं. दुकानाचा ताळमेळ जुळला नाही तर मुनीम बदलण्याआधी कुठली नोंद राहिली ते बघतात, तसंच हे. इंटर्नच्या एका पोस्टिंगमध्ये बसणारं काम आहे.

अडतं ते भीतीपाशी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार उपचारातल्या निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निष्काळजीपणाला शिक्षा हवीच, त्यात वाद नाही. पण चुकीचं इंजेक्शन भरलं आणि टोचण्याआधी लक्षात आलं, ही गोष्ट सांगणाऱ्या विद्यार्थिनीलाच मेमो मिळणार असेल तर पुढच्या वेळी ती गप्प बसेल. आणि तीच चूक दुसऱ्या पाळीत पुन्हा होईल. औषधाचा दुष्परिणाम कळवायला १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. तो वॉर्डातल्या किती मुलामुलींना पाठ आहे, हे कॉलेजांनी विचारून बघावं.

सीमाभागात आणखी एक पेच आहे. चंदगडचा पेशंट बेळगावला येतो, सावंतवाडीचा बांबोळीला जातो. गोळ्या सांगणारी नर्सिंगची मुलगी केरळची असू शकते, चिठ्ठी इंग्रजीत, बोर्ड कन्नडमध्ये. म्हातारी मान हलवते म्हणजे तिला कळलं असं नाही. ‘आजी, आता तुम्हीच सांगा बघू, ही गोळी कधी घ्यायची?’ एवढं एक वाक्य मराठीत आणि कन्नडमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला यायला हवं. तोंडी परीक्षेत त्याला पाच गुण ठेवले, तर पोरं महिन्याभरात शिकतील.