थंबनेल एक, आलेख दुसराच!

समजा, कॉलेजच्या ग्रुपवर बातमीची एक लिंक आली. थंबनेलमध्ये दोन खांब. 2019 चा उंच, 2024 चा त्याच्या निम्माही नाही. ‘मतदान एवढं घसरलं?’ म्हणत आपण ती फॉरवर्ड करून मोकळे. लिंक उघडली असती, तर आतल्या आलेखात दोन्ही खांब जवळपास सारखेच दिसले असते.

गंमत म्हणजे आकडे दोन्हीकडे तेच. लोकसभेला देशात 2019 मध्ये 67.4 टक्के मतदान झालं, 2024 मध्ये 66 टक्क्यांच्या आसपास. एवढासा फरक छोट्या चौकटीत उठून दिसत नाही. म्हणून थंबनेलमधले खांब शून्याऐवजी 65 पासून सुरू केले, की एक खांब दुसऱ्याच्या दुपटीहून उंच होतो. आकडा खोटा नाही, पण चित्र फसवं.

रंगांचंही तसंच. विधानसभेच्या 2024 च्या निकालात एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेला 57 आणि उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला 20 जागा मिळाल्या. आतल्या आलेखात दोघांना वेगळे रंग, पण थंबनेलमध्ये जागा वाचवायला दोन्हींना एकच भगवा दिला, तर घाईत बघणाऱ्याला 77 जागांचा एकच पक्ष दिसणार. प्रत्यक्षात एक सत्तेत, दुसरा विरोधात!

कधी कधी चूक कुणी मुद्दाम करतही नाही. आलेख उभा असतो, लिंकची चौकट आडवी. मग चित्र आपोआप कापलं जातं आणि नेमकं शीर्षक, वर्ष किंवा खालची शून्याची रेघच गायब होते.

उपाय अवघड नाही. थंबनेलमध्ये कमी माहिती चालेल, पण सुरुवातीचा आकडा, रंग आणि खांबांचा क्रम आतल्यासारखाच हवा. ते जमत नसेल, तर आलेख न टाकता सरळ एक आकडा मोठ्या अक्षरात द्यावा. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पोस्टर करतानाही हाच नियम लावून बघा.

कारण आपल्यातले कितीतरी जण लिंक उघडतच नाहीत. त्यांच्यासाठी थंबनेल हीच बातमी असते. ‘सगळ्यांनीच मतदानाकडे पाठ फिरवली, मग मी तरी कशाला जाऊ?’ असं एखाद्या फर्स्ट टाइम व्होटरला वाटलं, तर ती चूक फक्त डिझाइनची राहत नाही.

म्हणून फॉरवर्ड करण्याआधी एकदा लिंक उघडा. आणि खांब कुठून सुरू होतोय, ते बघा.