जुन्या गड्याचे काय करायचे?

संघ सारखा हरतो आहे. संघात एक जुना, नामवंत खेळाडू आहे. लोक अजून त्याच्यासाठीच मैदानावर येतात, पण त्याची पूर्वीची चपळाई राहिलेली नाही. अशा वेळी संघाने त्याला ठेवावे, की दुसऱ्याला देऊन टाकावे? प्रश्न खेळाचा आहे. कामगारांच्या मुखपत्रात त्याला जागा कशाला, असे काही सभासद म्हणतील. आम्हाला तसे वाटत नाही. एका ठिकाणी वर्षानुवर्षे घाम गाळलेल्या माणसाचे पुढे काय करायचे, हे कोणी आणि कोणत्या रीतीने ठरवायचे, हा तो प्रश्न आहे. आणि त्याची चर्चा करायला कोलकात्याच्या सियालदहइतके योग्य ठिकाण आमच्या पाहण्यात नाही.

सियालदह हे पूर्व रेल्वेच्या एका विभागाचे ठाणे. बनगाव, राणाघाट, कृष्णनगर, कॅनिंग, डायमंड हार्बरकडच्या लोकलगाड्या रोज येथे माणसे आणून ओततात. दादर-कुर्ल्याची गर्दी अंगवळणी पडलेल्या आपल्या लोकांनाही येथे क्षणभर थबकावे लागते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबे याच स्थानकाच्या फलाटांवर दिवस काढत होती. घर गेले, जमीन गेली, आणि आपले म्हणावे असे जे थोडे उरले त्यात ईस्ट बंगाल हा फुटबॉल क्लब होता. त्या क्लबची जन्मकथा मुळात एका वगळलेल्या खेळाडूची आहे. १९२० च्या जुलैत कूचबिहार चषकात जोराबागान आणि मोहन बागान यांचा सामना होता. जोराबागानने शैलेश बोस या खेळाडूला संघाबाहेर ठेवले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याला खेळवण्याचा आग्रह धरला. तो कोणी मानला नाही. चौधुरी बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी ईस्ट बंगालची स्थापना झाली. तेव्हा खेळाडूला वगळणे ही येथे किरकोळ बाब समजली जात नाही.

त्याच शहरावर २०११ साली तीच वेळ पुन्हा आली, या खेपेला क्रिकेटमध्ये. आयपीएलमधील कोलकाता नाइट रायडर्सची अवस्था तेव्हा वाईट होती. २००८ साली सहावा क्रमांक, २००९ साली शेवटचा, २०१० साली पुन्हा सहावा. आणि संघाचा चेहरा होता सौरव गांगुली, बंगालचा 'दादा', भारताचा माजी कर्णधार. जानेवारी २०११ मध्ये बंगळुरूला नवा लिलाव होणार होता. प्रत्येक जुन्या संघाला चार खेळाडू आपल्याकडे राखून ठेवण्याची मुभा होती. कोलकात्याने एकही राखला नाही. गांगुलीचे नाव लिलावात आले. त्याची मूळ किंमत होती चार लाख डॉलर. कोलकात्याने बोली लावली नाही, आणि इतर नऊ संघांपैकीही कोणी लावली नाही. त्याच लिलावात कोलकात्याने गौतम गंभीरला २४ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे ११ कोटी रुपये देऊन घेतले. गांगुली तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि गंभीर २९ वर्षांचा.

कोलकात्यात संताप उसळला. 'नो दादा, नो केकेआर' असे फलक घेऊन लोक रस्त्यावर आले. काही महिन्यांनी, आशिष नेहरा जखमी झाल्यामुळे मोकळी झालेली जागा देऊन पुणे वॉरियर्सने गांगुलीला बोलावले. २०१२ साली तो पुण्याचा कर्णधार झाला, आणि ५ मे २०१२ रोजी आपल्याच ईडन गार्डन्सवर पाहुण्या संघाचा नायक म्हणून उतरला. प्रेक्षक दुभंगले. गल्लीतला माणूस समोरच्या बाजूला, आणि गल्लीचे नाव लावणारा संघ या बाजूला. सामना कोलकात्याने ७ धावांनी जिंकला.

आता खरे ते बोलले पाहिजे. निव्वळ खेळाचा हिशेब मांडला तर मालकांचा निर्णय बरोबर ठरला. २०११ साली कोलकाता पहिल्यांदाच बाद फेरीत पोचले, २०१२ साली विजेते झाले, २०१४ साली पुन्हा झाले. दादाला मानाने घेणारे आमचे पुणे मात्र २०१२ साली नऊ संघांत नववे आले आणि २०१३ नंतर तो संघच राहिला नाही. भावनेपोटी कोणी हे आकडे झाकू नयेत. हरणाऱ्या संघाने जुना नायक कवटाळून बसावे, असे आमचे म्हणणे नाही. संघात दुसरेही दहा खेळाडू असतात. एकाच्या पुण्याईवर त्या दहांनी किती काळ हार खायची?

अर्थात याची उलट बाजूही आपल्याकडेच घडलेली आहे. मुंबई इंडियन्सने डिसेंबर २०२३ मध्ये, गुजरातकडून आणलेल्या हार्दिक पंड्याला रोहित शर्माच्या जागी कर्णधार केले. रोहितने संघाला पाच विजेतेपदे मिळवून दिली होती. २०२४ च्या हंगामात वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी मुंबईच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली, आणि संघ दहात दहावा आला. नवा माणूस आणला की यश मागोमाग येते, हा मालकवर्गाचा लाडका समज आहे. तो कधी खरा ठरतो, कधी नाही.

परंतु आमच्या मते याहून मोठी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती पूर्व रेल्वेच्या फुटबॉल संघाकडे पाहिल्यावर ध्यानात येते. प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे सर्वांचे पी. के., १९५४ साली कोलकात्याच्या एरियन क्लबकडून खेळले आणि १९५५ साली पूर्व रेल्वेत आले. तेथून १९६७ साली खेळ थांबवीपर्यंत ते पूर्व रेल्वेचेच राहिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला त्या संघात ते होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते कर्णधार होते आणि फ्रान्सविरुद्धच्या बरोबरीतला गोल त्यांचा होता. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेच्या सुवर्णपदकातही त्यांचा वाटा होता. असा माणूस मोहन बागान, ईस्ट बंगाल वा मोहम्मेडन स्पोर्टिंग यांपैकी एकाकडूनही लीगमध्ये खेळला नाही! या तिघांच्या दबदब्यात १९५८ साली पूर्व रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली. त्या तिघांबाहेरच्या संघाला पुन्हा ती जिंकायला २०१९ साल उजाडावे लागले. तेव्हा पीअरलेस विजेता झाला. म्हणजे एकसष्ट वर्षे गेली.

येथेही पोवाडा गाण्याआधी हिशेब पाहावा. पी. के. आणखी नऊ वर्षे रेल्वेकडून खेळले, पण पूर्व रेल्वेला लीग पुन्हा मिळाली नाही. निष्ठेने चषक मिळतातच असे नाही. मिळाले ते निराळे. १९६७ साली बूट काढून ठेवताना लिलावाच्या हातोड्याखाली नाव जाण्याची पाळी या खेळाडूवर आली नाही. पुढे ते प्रशिक्षक झाले, आणि खेळाडू म्हणून ज्या दोन क्लबांची पायरी चढले नाहीत त्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोघांनाही त्यांनी घडवले. २० मार्च २०२० रोजी ते गेले.

कोलकात्याच्या मैदानावर जुन्या काळी सर्व काही आलबेल होते, असे मात्र कोणी समजू नये. तेथे दरवर्षी 'दलबदल'चा हंगाम असे. प्रतिस्पर्ध्याने पळवू नये म्हणून क्लब आपल्याच खेळाडूंना लपवून ठेवत. पैशाची लालूच होती, धाकदपटशाही होता. पण शेवटी फुटबॉल संघटनेच्या कचेरीत जाऊन सही करायची ती खेळाडूने स्वतः. लिलावात ती सही उरली नाही.

आपल्या वाचकांना हा फरक फोड करून सांगायला नको. रेल्वेतली म्युच्युअल बदली, टपाल खात्यातली रूल ३८ खालची बदली, यांत ज्येष्ठतेचा तोटा होतो, पण अर्ज आपला आणि सही आपली असते. प्रशासकीय बदलीचा हुकूम टेबलावर येऊन पडतो. गाव तेच, अंतर तेच. माणूस मात्र एकीकडे हसत जातो आणि दुसरीकडे धुमसत.

हाच मुद्दा अमेरिकेत एका बेसबॉल खेळाडूने न्यायालयात नेला होता. कर्ट फ्लड हा सेंट लुईसच्या संघात बारा हंगाम खेळला. १९६९ साली मालकांनी त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्याने जायला नकार दिला. खेळाडूंची युनियन त्याच्या पाठीशी उभी राहिली. तिचे प्रमुख मार्विन मिलर पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेले. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात फ्लड पाच विरुद्ध तीन मतांनी हरला, त्याची कारकीर्दही संपली. परंतु १९७३ साली युनियनने वाटाघाटीत एक कलम पदरात पाडून घेतले. दहा वर्षे या पातळीवर खेळलेल्या आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या संघाला देता येत नाही. संघाचा हक्क कायम आहे, फक्त जुन्या माणसाला विचारावे लागते.

आमचे मत या कलमाच्या बाजूचे आहे. हरणाऱ्या संघाने जुन्या नायकाला अकरातून वगळावे, कर्णधारपद काढावे, त्याची संमती असेल तर दुसरीकडे धाडावे. पण त्याच्याशी बोलून. प्रामाणिकपणे हेही नोंदवले पाहिजे की असे कलम २०११ साली असते तरी गांगुलीला ते लागू पडले नसते. त्या संघात त्याची तीनच वर्षे झाली होती. आणि त्याच्या पोटापाण्याची चिंता करण्याचे कोणाला कारण नव्हते. ज्याला कारण आहे तो वेगळा : एका हंगामाच्या करारावर खेळणारा, गुडघा दुखावला की घरी बसणारा, नाव वर्तमानपत्रात न येणारा. आपल्या भारतीय क्रिकेटपटूंची २०१९ साली जी संघटना झाली तीही निवृत्तांची. खेळत असलेल्यांना तिच्यात जागा नाही.

रेल्वेत आणि टपाल खात्यात खेळाडू कोट्यातून भरती होते. ऑलिंपिकमध्ये २०२४ साली नेमबाजीचे कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे हा तेव्हा मध्य रेल्वेच्या पुणे विभागातला तिकीट तपासनीस होता. कोट्यातले लोक ड्युटी कमी करतात, अशी कुरकुर आपल्याच सभासदांत चालते. ती अगदीच निराधार नसेलही. पण असा खेळाडू फॉर्म गेल्यावर संघातून जातो तेव्हा हजेरीपटावरून जात नाही. दुसऱ्या दिवशी तो आपल्या शेजारच्या खिडकीवर बसलेला असतो. त्याला काम शिकवायला चार दिवस लागतात, ते आपण द्यावेत.